हट्ट नव्हे, बाधा नव्हे : कॅटाटोनिया

मुंबई–आग्रा महामार्गावर धुळे आणि शिरपूर यांच्या दरम्यान वसलेले नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातील गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानकही आहे. धुळ्याच्या रुग्णालयाशी ते रस्त्याने जोडलेले आहे. तरीही अशा सोयीच्या गावातसुद्धा एका आजाराचे रुग्ण उपचारांवाचून पडून राहण्याचा संभव असतो. या आजारात रुग्ण तक्रारच करीत नाही. तो बोलत नाही, जेवत नाही, हलत नाही. घरच्यांना तो हट्ट वाटतो, शेजाऱ्यांना बाहेरची बाधा. मग भगताकडे खेपा सुरू होतात आणि मोलाचे दिवस निघून जातात. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘कॅटाटोनिया’ म्हणतात.

लक्षणे कोणती?

रुग्ण तासन् तास एकाच स्थितीत बसून किंवा उभा राहतो. त्याचा हात उचलून ठेवला तर तो मेणाच्या पुतळ्याप्रमाणे तसाच अधांतरी राहतो. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे, सांगितलेल्या गोष्टीला निष्कारण विरोध करणे, समोरच्याचे शब्द वा हालचाली जशाच्या तशा पुन्हा करणे, चित्रविचित्र हावभाव करणे हीही लक्षणे होत. काही रुग्णांत याच्या उलट निरर्थक धडपड व खळबळ दिसते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात अशी १२ लक्षणे दिली असून त्यांपैकी किमान ३ आढळल्यास हे निदान केले जाते. रुग्ण निश्चल असला तरी भोवतालचे बोलणे त्याला बहुधा ऐकू येत असते व पुढे ते आठवतही असते. त्याच्यासमोर बोलताना हे भान ठेवणे अगत्याचे आहे.

मनाचा आजार की शरीराचा?

जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल लुडविग काह्लबाउम यांनी १८७४ साली या विकाराचे प्रथम सविस्तर वर्णन केले. पुढे तो दीर्घकाळ केवळ छिन्नमानस, म्हणजे स्किझोफ्रेनिया, या आजाराचाच एक प्रकार मानला गेला. ही समजूत आता मागे पडली आहे. तीव्र नैराश्य व उन्माद यांसारख्या भावनिक विकारांत कॅटाटोनिया वारंवार आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्याचे मूळ शारीरिक आजारातही असू शकते. मेंदूचा दाह, विषमज्वर, मेंदूवर परिणाम करणारा मलेरिया, अपस्मार, यकृत वा मूत्रपिंड निकामी होणे, रक्तातील क्षारांचे असंतुलन, ब–१२ जीवनसत्त्वाची उणीव, तसेच काही औषधे एकाएकी बंद करणे यांमुळेही ही अवस्था उद्भवते. २००७ साली शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदूवरच उलटल्यामुळे होणाऱ्या एका मेंदूदाहाचा शोध लागला. त्यातही प्रारंभी वेडाची व नंतर कॅटाटोनियाची लक्षणे दिसू शकतात. म्हणूनच ‘डोक्यावर परिणाम झाला’ असे ठरवून मोकळे होण्यापूर्वी रक्त, लघवी व मेंदू यांची तपासणी आवश्यक ठरते. ताप असल्यास तर क्षणाचाही विलंब नको.

दिरंगाईचे परिणाम

अन्नपाणी सुटल्याने शरीर शुष्क होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. बळजबरीने भरवलेला घास श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होतो. पायांतील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अकस्मात मृत्यूही ओढवू शकतो. मनोविकारांवरील काही औषधांनी अशा रुग्णात तीव्र ताप व ताठरता निर्माण होते. म्हणून ‘शांत करण्याचे इंजेक्शन’ तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

उपचार हमखास उपयोगी

समाधानाची बाब ही की, वेळेवर ओळखल्यास बहुसंख्य रुग्ण सुधारतात. लोराझेपाम हे जुने व स्वस्त औषध शिरेतून दिल्यावर कित्येकदा काही मिनिटांतच रुग्ण बोलू लागतो. त्याने गुण न आल्यास विद्युत–उपचार प्रभावी ठरतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार ते भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याखेरीज करता येत नाहीत. मूळ आजारावरील उपचार अर्थातच बरोबरीने चालू ठेवावे लागतात.

गावाची जबाबदारी

याच अधिनियमान्वये मनोरुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे वा मारहाण करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाखाली गुन्हा आहे. जीव धोक्यात असल्यास कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. नातेवाईक वा प्रतिनिधी हजर असल्यास त्यांची संमती घ्यावी लागते. तथापि विद्युत–उपचार या तरतुदीखाली देता येत नाहीत.

एखाद्या घरात कोणी अचानक अबोल व निश्चल झाल्याचे कळताच ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आशा कार्यकर्ती यांनी त्या घरी जावे. रुग्णाने शेवटचे अन्नपाणी कधी घेतले, ताप आहे काय, कोणती औषधे चालू होती वा बंद केली, एवढी माहिती लिहून घ्यावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून रुग्णास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व तेथून धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. सल्ल्यासाठी ‘टेलिमानस’ ही १४४१६ या क्रमांकावरील निःशुल्क सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. भगताकडे जाण्यात गेलेला एक दिवस रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. तोच दिवस रुग्णालयात गेला तर मुका झालेला माणूस पुन्हा बोलू लागण्याची मोठी आशा असते.