‘तो किंवा ती’ : न्यू जर्सीचा १८०७चा कायदा

अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार १९२० साली मिळाला, असे आपण वाचतो. न्यू जर्सीपुरते मात्र मी ‘परत मिळाला’ असे म्हणेन.

या राज्याच्या १७७६च्या घटनेने मत दिले ते पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या सज्ञान रहिवाशांना. त्यात ना ‘पुरुष’ होता, ना ‘गोरा’. १७९०च्या निवडणूक कायद्याने सात काउंट्यांसाठी मतदाराला ‘तो किंवा ती’ म्हटले. १७९७मध्ये हे राज्यभर लागू झाले. विवाहितेची मालमत्ता नवऱ्याची मानली जाई. म्हणून मत देत त्या मुख्यतः विधवा आणि अविवाहित स्त्रिया. मालमत्ताधारक स्वतंत्र कृष्णवर्णीयही मत देत.

१८०७च्या फेब्रुवारीत एसेक्स काउंटीत न्यायालयाची इमारत कुठे बांधावी यावर मतदान झाले. नेवार्क आणि एलिझाबेथटाउन या दोन्ही गावांच्या बाजूने खोटी मते पडली. विधिमंडळाने निकाल रद्द केला आणि नोव्हेंबरात कायदा करून मत फक्त गोऱ्या पुरुष नागरिकांपुरते ठेवले. त्यांच्यापैकी जो कर भरेल, त्याने पन्नास पौंडांची अटही पुरी केली असे मानले गेले.

मला महत्त्वाची वाटते ती ही रीत : घटनेला हात न लावता, साध्या कायद्याने ‘रहिवासी’ या शब्दाचा अर्थ आक्रसला. लबाडी पुरुषांनीही केली होती. मत गेले ते इतरांचे. १८४४च्या घटनेने तेच पक्के केले. कृष्णवर्णीय पुरुष १८७०पर्यंत थांबले, स्त्रिया १९२०पर्यंत.