स्ट्रायपरचा आज काय बेत?

अटलांटिकच्या काठावरून : लेखांक ७

फिशफाइंडरच्या पडद्यावर कमानीच कमानी उमटत होत्या. एकेक कमान म्हणजे बोटीखालून गेलेला एकेक मासा. खाली पन्नास-साठ फूट पाणी, तळाशी स्ट्राइप्ड बासची, म्हणजे इथल्या स्ट्रायपरची, झुंड, आणि वर आम्ही सहाजण दीड तास गळ सोडून बसलेलो. चावा म्हणून नाही. नोव्हेंबरची सकाळ, न्यू जर्सीचा किनारा, मनास्क्वानच्या मुखातून निघालेली भाड्याची बोट. सोबत अलिबागहून आलेले मामा. पडदा निरखून झाल्यावर ते म्हणाले, “अरे, एवढे मासे दाखवतंय, मग ते उपाशी आहेत की जेवून बसलेत, तेवढं नाही का सांगत हे यंत्र?”

या माशाच्या नादी लागलेल्या प्रत्येक बोटवाल्याचा प्रश्न मामांनी पहिल्याच फेरीत विचारला होता.

मागच्या लेखांकात आपण या माशाची वारी पाहिली. वसंतात चेसापीक आणि हडसनच्या गोड्या पाण्यात अंडी घालायची (आपला पाला असाच नदीत चढतो), उन्हाळा न्यू इंग्लंडच्या गार पाण्यात काढायचा, थंडी पडू लागली की दक्षिणेला उतरायचं. वाटेत तो खातो काय, आणि समोर आलेलं का सोडतो, ते आज पाहू. इथले लोक त्याला सरळ लहरी म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे श्राद्धाच्या पंगतीत कोणी चिवडा मागितला नाही, तर त्याला कोणी लहरी म्हणेल का? ताटात जे वाढलंय ते तो जेवतो. अडचण एवढीच, की पाण्याखालचं ताट आपल्याला दिसत नाही.

एप्रिल-मे महिन्यात रॅरिटनच्या उपसागरात बंकर नावाचा मासा येतो. आपल्या तारलीच्याच कुळातला, पण हातभर लांबीकडे झुकणारा आणि तेलाने थबथबलेला. त्याच्यामागे मोठ्या बास माद्या असतात, कारण या जातीत थोराड मासा म्हणजे बहुधा मादीच. २०११ मध्ये कनेटिकटजवळ सापडलेला विक्रमी मासा ८१ पौंड १४ औंसांचा, म्हणजे सुमारे ३७ किलोंचा होता. बंकरचा बेत असला की जिवंत बंकर गळाला लावा नाहीतर तळहाताएवढा धातूचा चमचा ओढा, मासा लागतो आणि बोटीवरचा प्रत्येकजण स्वतःला तज्ज्ञ समजू लागतो.

त्याच वसंतात ऱ्होड आयलंडच्या खाऱ्या तळ्यांत संध्याकाळी लाल किडे तळातून वर येतात, बोटाएवढेसुद्धा नसतील. ते लाखोंनी पोहत असताना हाच मासा अलगद ओठ उघडून एकेक किडा टिपत बसतो. त्या वेळी त्याच्या नाकासमोरून बंकर नेला तरी तो ढुंकून पाहत नाही. पाठलाग न करता तोंडात पडणारं सोडून धावाधाव कशाला करायची, हा त्याचा हिशेब. शरीर थंड रक्ताचं, त्यात पाणी गार असलं की पचनही मंद. एकदा पोट गच्च भरलं की पुढच्या जेवणाची त्याला घाई नसते.

आमच्या त्या सकाळी बेत होता सँड ईलचा. पेन्सिलीएवढी बारीक, चंदेरी मासळी. रात्री वाळूत पुरून बसते आणि उजाडलं की बाहेर येते. आणि आम्ही? बंकरच्या मापाचे जाडजूड चमचे सोडून बसलेलो. कप्तानाने ते बदलायला लावले. मग लांबट, निमुळत्या जिग (धातूची आमिषं) लागल्या, तरीही दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही.

मामांनी फोनवर कालनिर्णय उघडलं. “अष्टमी आहे. भांगाचं पाणी. त्यात आत्ता ते थांबलंय.”

बरोबर होतं. पाणी वाहत असताना बास प्रवाहाकडे तोंड करून खडकाच्या, उंचवट्याच्या आडोशाला उभा राहतो आणि वाहत येणारी मासळी गिळतो. पाणी थांबलं की वाढपीच निघून गेला. उधाणाला ओढ जोरात, भांगाला ढिली. इथे नवखे हमखास फसतात. तक्त्यात भरतीची वेळ दिलेली असते पाण्याच्या उंचीची. अरुंद मुखांशी उंची गाठून झाल्यावरही पाणी बराच वेळ आत धावत राहतं. म्हणून इथे प्रवाहाचे तक्ते वेगळे निघतात, आणि जाणते बोटवाले ते पाहतात. अलिबागच्या कोळ्याला हे तक्त्याविना ठाऊक असतं, हे मामांनी दोनदा ऐकवलं.

बोटीचं स्वतःचं एक झंझट असतं. पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे असला की बोट वाऱ्याबरोबर सरकते, दोरी तिरकी होते, आमिष तळ सोडून वर येतं. मासळी कधी अशी पळत नाही, आणि हे माशाला आपल्याआधी कळतं. त्या दिवशी वारा पश्चिमेचा, जमिनीकडून. आम्ही हळूहळू बाहेर सरकत होतो. कप्तान दर थोड्या वेळाने बोट किनाऱ्याकडे आणायचा, इंजिन बंद करायचा, पुन्हा सोडायचा.

पाऊण तासाने पाणी हललं आणि एकदम चार काठ्या वाकल्या. मामांच्या गळाला लागलेला मासा वर आला तेव्हा त्याची हनुवटी लालसर खरचटलेली होती, वाळूत नाक खुपसून सँड ईल उकरल्याची खूण. डेकवर त्याने तीन सँड ईल ओकल्या, त्यातली एक अजून वळवळत होती. माप घेतलं, ३४ इंच. २०२३ पासून इथे समुद्रात २८ ते ३१ इंचांचाच मासा ठेवता येतो, तोही माणशी एक. “याचं कालवण...” एवढंच मामा म्हणाले आणि त्यांनी मासा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला.

वीस मिनिटांत सगळं शांत. पडदा कोरा. पूर्वेला लांबवर गॅनेट पक्षी पंख मिटून बाणासारखे पाण्यात कोसळत होते. मासळी तिकडे गेली होती, तिच्यामागे बास. मामा उठून उभे राहिले. “अरे, सांग ना त्याला, तिकडे घे बोट!”

कप्तानाने नकाशावरची रेघ दाखवली. किनाऱ्यापासून तीन सागरी मैल. त्यापलीकडे स्ट्राइप्ड बास धरायला १९९० पासून बंदी आहे. पक्षी रेघेच्या पलीकडे होते. त्याने इंजिन चालू केलं आणि बोट पश्चिमेला वळवली.