ग्रिम बंधूंच्या परीकथा: पहिली आवृत्ती शेवटच्या आवृत्तीशेजारी ठेवून वाचा

जर्मन परीकथा अभ्यासायला घेतल्या की विद्यार्थ्याला आधी हे कळतं, की ‘लोककथा’ म्हणून छापलेला मजकूरही कुणीतरी घडवलेला असतो. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांच्या संग्रहाचा पहिला खंड 1812 मध्ये आला, सातवी आवृत्ती 1857 मध्ये. पहिल्या आवृत्तीतली रापुन्झेल भाबडेपणानं विचारते, माझे कपडे हल्ली घट्ट का होतात? ती गरोदर आहे हे वाचक लगेच ओळखतो. पुढे हा प्रश्नच गाळला गेला. हान्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडून यायला लावणारी सख्खी आई नंतर सावत्र झाली. मला हा बदल खटकतो, कारण उपासमार सख्ख्या आईलाही कुठवर नेते, हे त्यात झाकलं जातं.

मग या कथा बनावट म्हणायच्या का? तसं नाही. तोंडी सांगणाराही कथा बदलतोच. शिवाय ग्रिम बंधूंना कित्येक कथा सांगणाऱ्या डोरोथेआ फीमान यांचे पूर्वज फ्रान्समधून आलेले ह्यूगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, होते, तेव्हा ‘शुद्ध जर्मन’ मूळ शोधणंच व्यर्थ. इथले बदल मात्र छापील आहेत, त्यामुळे कुणालाही ते ओळीओळीनं पडताळता येतात.