डिजिटल अध्ययनसामग्रीचे तालिकीकरण आणि भाषांतराची नोंद

ग्रंथालयात जे कार्य तालिकापत्र करीत असे, ते डिजिटल भांडारात मेटाडेटा, म्हणजे सामग्रीविषयीची संरचित माहिती, करते. उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात तिची दोन मानके विशेष रूढ आहेत : अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन येथे १९९५ साली भरलेल्या कार्यशाळेतून पुढे आलेले, पंधरा मूलघटकांचे ‘डब्लिन कोअर’ आणि आयईईई या संस्थेने २००२ साली मान्य केलेले ‘लर्निंग ऑब्जेक्ट मेटाडेटा’ अर्थात लॉम. ही केवळ ग्रंथपालांची तांत्रिक बाब मानणे तौलनिक साहित्याभ्यासकास परवडणारे नाही. साहित्यकृतींमधील कोणते संबंध शोधता येतील, हे या घटकांवरच ठरते.

आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) हे ‘हॅम्लेट’चे भाषांतर. त्याची डिजिटल प्रत भांडारात ठेवताना कर्ता म्हणून शेक्सपिअरची नोंद केली, तर आगरकर ‘योगदानकर्ता’ या व्यापक घटकात जातात. लॉममध्ये योगदानाच्या भूमिकांची नियंत्रित शब्दसूची आहे. तीत संपादक आहे, संहितालेखक आहे, तांत्रिक परीक्षकही आहे. भाषांतरकार तेवढा नाही! संबंधांच्या सूचीतही ‘आवृत्ती’, ‘आधारित’ असे पर्याय आढळतात, ‘भाषांतर’ हा स्वतंत्र पर्याय आढळत नाही. परिणामी ‘विकारविलसित’ आणि ‘किंग लिअर’शी नाते सांगणारे, परंतु स्वतंत्र असलेले शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) ही दोन्ही ‘आधारित’ या एकाच कप्प्यात पडण्याचा संभव असतो. भाषांतर आणि रूपांतर यांतील ज्या भेदावर तौलनिक अभ्यासाचा मोठा भाग उभा आहे, तो भेद नोंदीतच पुसला जातो.

भाषेच्या नोंदीचेही तसेच. ग्रंथालयांच्या मार्क २१ या मानकात ०४१ क्रमांकाच्या क्षेत्रात संहितेची भाषा, मूळ भाषा आणि मधल्या भाषांतराची भाषा वेगवेगळी नोंदविता येते. हिंदी वा इंग्रजीमार्गे मराठीत आलेल्या कृतींसाठी ही सोय मोलाची आहे. साध्या डब्लिन कोअरमध्ये मात्र ‘भाषा’ हा एकच घटक असून मूळ कोणती व लक्ष्य कोणती हे तो सांगत नाही. निरनिराळ्या भांडारांतील नोंदी एकत्र करणाऱ्या ओएआय-पीएमएच या संकेतप्रणालीत किमान आवश्यक रूप याच साध्या डब्लिन कोअरचे आहे.

‘डीस्पेस’सारख्या प्रणालीत भाषांतरकार व मूळ कृती यांसाठी स्थानिक क्षेत्रे वाढविता येतात, परंतु नोंद साध्या रूपात बाहेर गेली की ती मागे राहतात. म्हणून भाषांतरकार, मूळ कृती आणि मध्यस्थ भाषा यांचा उल्लेख ‘वर्णन’ या मुक्त घटकात ठरावीक शब्दयोजनेने करावा. एवढा मजकूर तरी नोंदीबरोबर प्रवास करतो आणि शब्दशोधात सापडतो.