ताप उतरला, तरी इको चुकवू नका

पाच दिवस न उतरणारा ताप, चिपडं न येता लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ, पुरळ, मानेत गाठ. पाच वर्षांखालच्या मुलात हे दिसलं, तर कावासाकी आजाराची शंका घ्यावी. जपानच्या डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. खरा धोका हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या फुगण्याचा. कोविडनंतर मुलांना होणाऱ्या ‘एमआयएस-सी’ या दाहाच्या आजारातही काहींच्या धमन्या अशा फुगलेल्या दिसल्या.

पहिली तपासणी टूडी इकोची, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची. त्यात सुई नाही, किरणोत्सर्गही नाही. धमनीचा व्यास मुलाच्या शरीराच्या आकारमानाशी ताडून ‘झेड स्कोअर’ काढतात. २.५ किंवा जास्त म्हणजे फुगा. १० किंवा जास्त, अथवा व्यास ८ मिलिमीटर वा अधिक, म्हणजे महाकाय फुगा. त्यात रक्ताची गुठळी होऊ शकते. धमनीचा दूरचा भाग इकोत नीट दिसत नाही. तिथे सीटी अँजिओग्राफी लागते.

पहिला इको चांगला आला म्हणजे सुटलो, असं नाही. एक-दोन आठवड्यांनी आणि चार ते सहा आठवड्यांनी तो पुन्हा करावा लागतो. पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्या आईबापांना ताप उतरल्यावर पुन्हा खाडा करणं जड जातं, हे खरं. तरीही या तारखा पाळाच. उपचारही वेळेत हवा: तापाच्या पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं, तर फुग्यांचा धोका सुमारे २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून ताप पाचव्या दिवशीही असेल, तर मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि इकोबद्दल स्वतः विचारा.