उचल म्हणजे वरकड पैसा नव्हे

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी... बारामती-इंदापुरात कारखान्यांचे बॉयलर पेटले की टपरीवर तेच बोलणं सुरू होतं: 'ऊसतोडवाले लाखाची उचल घेऊन येतात, वर सरकार कराराने दर वाढवून देतं. त्यांना काय कमी?' हे ऐकून कान किटले आहेत.

उचल ही मजुरीच असते, फक्त आगाऊ. पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेली ही रक्कम हंगामात टनामागे कापली जाते. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला साधारण 366 रुपयांवर गेला. या दराने लाख रुपये फेडायला 273 टन ऊस तोडावा लागतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांनी रोज दोन टन तोडला, तरी 137 दिवस! 2024-25 चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि मार्चअखेरीस बहुतेक कारखान्यांचा पट्टा पडला होता. एकही खाडा न करता उचल जेमतेम फिटली असती, तीही दोन माणसांच्या राबण्यावर. त्यात बाजाराची खर्ची आणि दवाखाना धरला की बाकी अंगावर राहते, आणि पुढच्या दिवाळीला त्याच मुकादमाच्या टोळीत यावं लागतं.

करारही सरकारचा नाही. तो साखर कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्यातला. 2024 ची बोलणी शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने झाली. आणि करार सरकारी असला तरी मजुराचं भलं होतंच असं नाही. दोन सरकारांनी मजुरांसाठी केलेला एक करार म्हणजे अमेरिका आणि मेक्सिकोचा, 1942 मधला. 1964 पर्यंत चाललेल्या त्या 'ब्रासेरो' योजनेत मजुराशी लेखी करार होई. तरी सुरुवातीच्या वर्षांत बचतीच्या नावाखाली कापलेली 10 टक्के मजुरी अनेकांच्या हाती कधीच पडली नाही. आपल्याकडे तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईचं नाव बहुधा कुठल्या कागदावरही नसतं. हिशेब कोयत्याचा, म्हणजे नवऱ्याच्या नावाचा.

टपरीवरची आणखी काही वाक्यं. 'ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या फुगवलेल्या आहेत.' नाहीत. या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीसमोर आलेल्या 2019 च्या पाहणीत बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली होती.

'सगळे बीडचेच.' पाथर्डी, जत, नंदुरबारकडूनही टोळ्या येतात.

'मुलांना साखरशाळा आहेत.' शिक्षण हक्क कायदा 2010 मध्ये लागू झाल्यावर त्यातल्या बहुतेक बंद पडल्या. मुलांना जवळच्या झेडपी शाळेत घालायचं ठरलं, पण फड बदलला की ती शाळा लांब पडते.