रंगभूषा : छायाप्रकाशाची किमया

स्नेहसंमेलनाच्या नाटकात तुमच्याच वर्गातला मुलगा आजोबा होऊन येतो आणि क्षणभर तुम्हीही त्याला ओळखत नाही. चेहरा तोच, मग बदलले काय?

एक प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत आरशासमोर उभे राहून विजेरी आधी डोक्याच्या वर आणि मग हनुवटीखाली धरा. तुमचाच चेहरा भेसूर दिसेल! सूर्याचा, दिव्याचा प्रकाश बहुधा वरून येतो. मेंदूला त्याचीच सवय असते आणि सावल्यांवरून तो चढउतार ताडतो.

रंगभूषाकार नेमका याच सवयीचा उपयोग करतो. आठीच्या खाचेची वरची बाजू सावलीत असते, खालची उजळते. म्हणून तो कपाळावर तपकिरी रेघ ओढतो, तिच्या लगत खाली फिकट रेघ काढतो आणि कडा बोटाने पुसट करतो. झाली सुरकुती! रेघांची अदलाबदल केली, तर खाचेऐवजी उंचवटा भासेल. १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात चाळिशीही न गाठलेले बेन किंग्जले ७८ वर्षांचे गांधीजी झाले, त्यात अभिनयाला रंगभूषेची मोठी साथ होती.

मात्र एक खबरदारी घ्या. पूर्वी युरोपात चेहऱ्याला शिशाचा सफेदा फासत, आणि शिसे विषारी असते. म्हणून भिंतीचा रंग किंवा अनोळखी पूड चेहऱ्याला कधीही लावू नका. रंगभूषेचा रंगही आदल्या दिवशी हातावर थोडासा लावून पाहा. सोंग क्षणाचे असते, त्वचा जन्माची!